'आमचा' म्हणजे कुणाचा?

मराठीतला 'आमचा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. ज्याच्या नावावर गावात हातभर जमीन नाही असा माणूसही 'आमच्या शिवारात यंदा पीक बरे आहे' असे म्हणतो, आणि त्याला कुणी खोटे ठरवीत नाही. आमची शाळा, आमची एस.टी., आमचा विठोबा! सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असतो तो 'आमचा' एक आणि जिव्हाळ्याने तोंडी येतो तो 'आमचा' दुसरा. एरवी हे दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. पण एखाद्या दिवशी त्यांचे भांडण जुंपते आणि मग मोठा अवघड प्रश्न उभा राहतो. वस्तू कुणाची? जो तिचे पैसे मोजतो त्याची, की जो तिला जीव लावतो त्याची?

या भांडणाचा गलबला आज सर्वांत मोठ्याने ऐकू येतो तो फुटबॉलच्या मैदानांवर. दिवाळीच्या फराळाच्या ताटात हा चेंडू कुठून आला, असे वाचक म्हणतील. पण चेंडू हे केवळ निमित्त आहे. फुटबॉलचा क्लब ही एक चमत्कारिक चीज आहे. कायद्याच्या दृष्टीने ती बहुधा एक कंपनी असते आणि कापडाच्या गिरणीसारखी तिची खरेदी-विक्री होते. मात्र त्या मोहल्ल्यातल्या माणसांच्या दृष्टीने ती ग्रामदैवतासारखी असते. २००५ साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड हा जगप्रसिद्ध क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. त्यातला बराच पैसा कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा मोठा भार खुद्द क्लबवरच टाकण्यात आला. म्हणजे घर विकत घ्यायचे आणि हप्ते मात्र त्या घरानेच फेडायचे! पाठीराखे खवळले. काहींनी त्याच वर्षी आपला वेगळा, छोटासा क्लब काढला. २०१० साली हजारोंनी तांबडा रंग बाजूला ठेवून हिरवे-सोनेरी गळपट्टे घातले. क्लबच्या अगदी आरंभीच्या, न्यूटन हीथ या नावाच्या काळातले ते रंग होते.

मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणेल, "पैसा माझा, तोटा आला तर तोही माझाच. तिकिटापुरते चार पैसे टाकून बाकावर बसणाऱ्याने मला कारभार शिकवू नये." या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पाठीराखा हा प्राणी पुष्कळदा फार अन्यायी असतो. संघ जिंकला की 'आम्ही जिंकलो' आणि हरला की 'त्या गाढवाने हरवले' असे त्याचे व्याकरण असते. काल ज्या प्रशिक्षकाला खांद्यावर घेतले त्याला आज घरी पाठवा म्हणून तो ओरडतो. हरल्याच्या रागाला न्यायाची भाषा चढवणे ही माणसाची जुनी खोड आहे. म्हणून पाठीराख्याच्या प्रत्येक तक्रारीला मी तक्रार मानणार नाही. एक कसोटी मात्र लावून पाहीन. उद्या संघ जिंकू लागला तर ही तक्रार विरून जाईल का? विरून जाणार असेल तर ती हौस होती, हक्क नव्हता. विजयानंतरही ती उरत असेल, तर मात्र तिच्यात काही सत्य आहे.

या कसोटीला उतरलेल्या दोन गोष्टी मला ठाऊक आहेत. योगायोग असा, की दोन्ही क्लबांचा जन्म १८८९ सालचा. एक लंडनचा, दुसरा कलकत्त्याचा.

लंडनच्या विम्बल्डन उपनगरातला क्लब तसा गरिबाघरचा. तरीही १९८८ साली त्याने लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला १-० असे हरवून इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला. पुढे १९९१ साली त्याचे जुने मैदान सुटले आणि तो दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाडकरू म्हणून राहू लागला. मग मालकांनी ठरवले, की हा क्लब उचलून सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा. मे २००२ मध्ये तिघा पंचांच्या समितीने दोन विरुद्ध एक अशा मतांनी त्याला परवानगी दिली. पाठीराख्यांनी निराळा क्लब काढणे हे खेळाच्या व्यापक हिताचे नाही, असाही अभिप्राय निकालात होता. पाठीराख्यांनी तो वाचला आणि निराळा क्लब काढला! महिन्याभरात विम्बल्डनच्या माळावर खेळाडूंची निवड झाली. अगदी तळाशी, नवव्या पायरीवरच्या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. जुलैमध्ये पहिला सराव-सामना झाला. तो पाहायला चार हजारांहून अधिक माणसे आली आणि संघ ०-४ असा सपाटून हरला. तरी त्या दिवशी विम्बल्डनकर उत्सवात होते. आपले काहीतरी हरले होते खरे, पण हरणारे आपले होते!

दुसरी गोष्ट मोहन बागानची. १९११ साली या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तीही बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत असताना. त्या नावात बंगालचा केवढा स्वाभिमान साठला असेल याची कल्पना आपल्याला सहज येईल. २०२० साली, पैशाच्या ओढीने म्हणा की काळाच्या, या क्लबचा फुटबॉल विभाग एटीके नावाच्या अवघ्या सहा वर्षांच्या व्यावसायिक संघात विलीन झाला. ८० टक्के हिस्सा उद्योगसमूहाकडे गेला, २० टक्के जुन्या क्लबकडे राहिला. रंग तेच, बोधचिन्हावरची नौकाही तीच. फक्त नावाच्या आधी 'एटीके' ही तीन अक्षरे आली. चांगले खेळाडू आले, पैसा आला. तरी पाठीराख्यांचे फलक हलेनात. ती तीन अक्षरे काढा, एवढेच त्यांचे मागणे. मार्च २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, या संघाने बंगळुरूला हरवून इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळवले. त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी ती अक्षरे काढत असल्याचे जाहीर केले. पुढे नाव झाले मोहन बागान सुपर जायंट. हे नवे शेपूटही सगळ्यांना रुचले नाही, पण पाठीराख्यांचे म्हणणे खरे होते एवढे त्या रात्री सिद्ध झाले.

एके ठिकाणी पराभवात आनंद, दुसरीकडे विजयाच्या काळातही खंत. जय-पराजयाच्या पलीकडचे काहीतरी येथे हरवले होते. ते कोणते?

माझे उत्तर असे. दुकानदाराने खराब माल दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. पण देवळाचा कारभार बिघडला म्हणून वारकरी काही देव बदलीत नाही. पाठीराखा हा गिऱ्हाइकापेक्षा वारकऱ्याच्या जातीचा आहे. त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही, आणि मालकाला हे पक्के ठाऊक असते. किंबहुना मालक जी किंमत मोजतो ती या न जाऊ शकणाऱ्या माणसांचीच असते. मैदान बांधता येते, खेळाडू विकत आणता येतात. पण बापाने मुलाचे बोट धरून मैदानावर नेले, त्या मुलाने पुढे आपल्या मुलाला नेले, ही परंपरा कुठल्या बाजारात मिळत नाही. ती लोकांनी फुकट दिलेली असते. ज्या मालमत्तेचे खरे मोल दुसऱ्यांनी दिलेल्या प्रेमाने ठरते, तिचा मालक हा पुरता मालक नव्हेच. गांधीजी ज्याला विश्वस्त म्हणत, तो तो.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. पंढरपुरी विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळावरचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द झाले आणि चाळीस वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती असावीत असा नियम आहे. इंग्लंडमध्येही २०२५ साली कायदा होऊन फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आला. क्लबच्या बोधचिन्हाला किंवा रंगांना हात लावायचा तर पाठीराख्यांचे मत आता डावलता येत नाही.

पण कायदा निम्मेच काम करतो. उरलेले निम्मे 'आमचा' म्हणणाऱ्याने करायचे असते. विम्बल्डनचे पाठीराखे मला थोर वाटतात ते त्यांनी घोषणा दिल्या म्हणून नव्हे. घोषणा थांबल्यावर त्यांनी तिकिटे फाडली, हिशेब लिहिले, दर आठवड्याला तळाच्या स्पर्धेतल्या कुठल्याशा मैदानावर हजेरी लावली. नऊ वर्षांनी, २०११ साली, त्यांचा क्लब इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये परतला. २०२० साली स्वतःच्या गाठीचे पैसे कर्जरोख्यांत घालून त्यांनी जुन्या जागेजवळच, प्लाऊ लेनवर, नवे मैदान उभे केले. मिल्टन कीन्सला गेलेला १९८८ चा चषक तर त्याआधीच, २००७ साली, विम्बल्डनच्या मर्टन बरोकडे परत आला होता. मालकी पैशाने सिद्ध होते, तशी आपुलकी श्रमाने सिद्ध करावी लागते. जी कष्ट घ्यायला तयार नाही ती आपुलकी म्हणजे नुसते गाऱ्हाणे.

आपल्या गावातले ग्रंथालय, आपली शाळा, आपले नाट्यमंडळ यांच्या कारभाऱ्यांना आपण सारेच नावे ठेवतो. ठेवावीत, तो आपला अधिकार आहे. मात्र 'आमचे ग्रंथालय' म्हणणाऱ्याने वर्षाकाठी वर्गणी भरली आहे का, सर्वसाधारण सभेला तो कधी जाऊन बसला आहे का, हेही विचारावे. सातबाऱ्यावर नाव लागायला तलाठी लागतो. दुसऱ्या 'आमच्या'ची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. ती दरसाल नव्याने, स्वतःच्या हातांनी करावी लागते.