खोकला थांबला म्हणून?

खोकला थांबला म्हणून औषध थांबवलंस? कुणाला विचारून? तुझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, सर्दी-पडसं नाही. डॉक्टरांनी नेब्युलायझरमधून टोब्रामायसिन सांगितलं होतं, दिवसातून दोनदा, २८ दिवस. तू दुसऱ्याच आठवड्यात बंद केलंस आणि उरलेल्या अँप्युल फ्रिजमध्ये ठेवल्यास, पुढच्या खोकल्याला होतील म्हणून. दिवाळीचा फराळ आहे का तो, पुरवून पुरवून खायला?

दहावीला विज्ञान तुला मीच शिकवलंय, म्हणून संताप जास्त होतोय.

या मुलांच्या पेशींमधली मीठ-पाण्याची ये-जा बिघडलेली असते. फुफ्फुसात कफ घट्ट, चिकट होतो आणि त्यात सुडोमोनास नावाचा जिवाणू मुक्काम ठोकतो. त्याला ओल लागते: साचलेलं पाणी, ओली माती, नाहीतर तू न वाळवताच ठेवून देतोस तो नेब्युलायझरचा कप. नवा नवा सापडला तर औषधाने त्याला पुरतं उखडता येतं. अर्धवट मारलास की उरलेले जिवाणू चिकट आवरणाखाली तग धरतात. मग शिरेतून दोन-दोन अँटिबायोटिक्स, दोन आठवडे दवाखाना, आणि तरी जाईलच याची खात्री नाही. तो गेला की नाही हे थुंकीचं कल्चर सांगतं, तुझे कान नाही. पोरीला थुंकता येत नसेल तर घशातून नमुना घेतात.

वर मागच्या खेपेला गोळ्यांचा डोस निम्मा केलास! का, तर शेजारच्या त्याच वयाच्या मुलाला एवढा नव्हता. अरे, त्याला हा आजार आहे का? या मुलांचं शरीर बरीचशी अँटिबायोटिक्स लवकर बाहेर टाकतं, म्हणून डोस मोठा लागतो. आणि खोकला दाबायचं सिरप कुठून आणलंस? खोकल्यानेच तर कफ सुटतो. छातीची फिजिओथेरपी त्यासाठीच करायची, टोब्रामायसिन त्यानंतर.

‘बाई, न्यूमोनियाची लस दिलीय’ हे ऐकवू नकोस. आपल्या हडपसर-मांजरीच्या सीरमची न्यूमोसिल डिसेंबर २०२० मध्ये आली. चांगलीच आहे, द्यायलाच हवी. पण ती न्यूमोकॉकसच्या दहा प्रकारांवर. सुडोमोनासवरची लस जगात कुठेच मिळत नाही.

तुझी आई सुनेला बोल लावते, तेही कानावर आलंय. सदोष जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन आले तरच हा आजार होतो. मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढत होते तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास, आता घरी जाऊन आईला ते समजावून सांग.

औषध महाग आहे, कबूल. मग ते डॉक्टरांसमोर बोलायचं होतंस! पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवक बसतात, १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. विचारायला लाज वाटली आणि पोरीचा डोस कापताना नाही वाटली?

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर. किती डोस चुकवले ते खरं सांग, एकही लपवू नकोस. उरलेलं औषध मनाने पुन्हा सुरू करायचं नाही, ते काय करायचं ते डॉक्टर सांगतील. आणि त्या सिरपची बाटली येताना माझ्याकडे घेऊन ये.