सदुसष्ट शर्ट

लाकोस्त या फ्रेंच कंपनीच्या शर्टावर छातीशी एक हिरवी मगर असते. आमच्याकडच्या आठवडी बाजारात तिची नक्कल ढिगाने मिळते, त्यामुळे मगर सगळ्यांच्या ओळखीची आहे. 2018 साली पॅरिसच्या फॅशन वीकमध्ये कंपनीने ही मगर काढून तिच्या जागी नामशेष होऊ घातलेले दहा प्राणी बसवले. ज्या प्राण्याचे जंगलात जितके जीव उरले असतील, तितकेच त्याचे शर्ट. सुमात्राच्या वाघाचे 350, जावा बेटावरच्या गेंड्याचे 67, मेक्सिकोच्या समुद्रातल्या इवल्याशा वाकिताचे फक्त 30. दहांचे मिळून 1775 शर्ट, आणि ते एका दिवसात संपले. त्यातला नफा निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेला गेला.

ही हकिकत मी नववीच्या वर्गात मोठ्या कौतुकाने सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "टीचर, गेंडे बढ गए तो शर्ट सस्ता होगा?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या पोरीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. तो शर्ट ज्यांनी धावत जाऊन घेतला, त्यांना गेंड्याचे प्रेम होते की सदुसष्टांतला एक होण्याचे? जी वस्तू फार थोड्यांकडे आहे ती आपल्याकडे असावी, ही हौस माणसाला पूर्वीपासून आहे. याच हौसेने तिबेटच्या पठारावरचा चिरू जवळजवळ संपवत आणला होता.

चिरू म्हणजे तिबेटी हरीण. त्याच्या अंगावरच्या अतिशय तलम लोकरीची शाल म्हणजे शाहतूश. अंगठीतून आरपार जाते म्हणून तिची ख्याती. एका शालीसाठी तीन ते पाच चिरू लागतात, आणि लोकर काढायची तर जनावर मारावेच लागते. पण व्यापारी सांगत की चिरू झुडपांना अंग घासतो, तिथे अडकलेली लोकर वेचून आणतात. घेणाऱ्यांनाही हे ऐकायला बरे वाटे. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने पठारावर जाऊन खरा प्रकार उजेडात आणला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1979 मध्येच बंदी आली होती, तरी जम्मू-काश्मीरच्या स्वतंत्र कायद्यात पूर्ण बंदी यायला 2002 उजाडले. त्यानंतर श्रीनगरच्या ज्या विणकरांचे आणि सूत कातणाऱ्या बायकांचे हात रिकामे झाले, ते आपलेच दीनी भाऊबहीण होते. शाल खांद्यावर मिरवणाऱ्यांचे फारसे काही बिघडले नाही. प्राणी वाचवण्याच्या हिशेबात ही बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. चिरू मात्र सावरला. पठारावर पहारे बसले, शाहतूश घालणे लाजेचे झाले, आणि 2016 मध्ये त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून खाली, कमी धोक्याच्या वर्गात आले.

मग न घेणे हेच पुण्य म्हणावे का? तसेही सरसकट म्हणता येत नाही. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात, अॅमेझॉनच्या जंगलात, रबराच्या झाडाला चीर देऊन चीक गोळा करणारी कुटुंबे राहतात. झाड उभे राहिले तरच त्यांची चूल पेटते. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडणाऱ्यांपुढे ही माणसे बायकामुलांसह उभी राहिली. त्यांचा पुढारी चिको मेंडिस याला 22 डिसेंबर 1988 रोजी शापुरी गावात, त्याच्या घरीच, गोळी घालून मारले. 1990 मध्ये त्याच्या नावाने राखीव जंगल झाले. पण चिकाला भाव नसेल तर राखीव जंगलातला माणूसही शेवटी गुरेच पाळणार. वेजा नावाची फ्रेंच कंपनी तिथले रबर बाजारभावापेक्षा जास्त दराने घेऊन बुटांचे तळवे बनवते. इथे घेणाऱ्याचा पैसा उभ्या झाडाच्या मुळाशी पोचतो. शर्टाच्या बाबतीत जंगल फक्त चित्रात असते. दोन्हींना एकाच नावाने ओळखणे मला पटत नाही.

आपल्याकडे अमल नियतीवर तोलला जातो. सदका असा द्यावा की डाव्या हाताला कळू नये, हे लहानपणापासून आपण ऐकतो. छातीवर गेंडा लावून हिंडणे म्हणजे सदक्याची पावती कपड्यावर शिवून घेणे. ही रिया आहे, दिखावा आहे. पण मला इथे थोडे थांबावेसे वाटते. दिखाव्याचा गुनाह घालणाऱ्याच्या खात्यात जाईल, पैशाचा फायदा तर गेंड्याला होईल ना! गेंड्याला कुणाच्या नियतीशी काय देणेघेणे? त्याला पहारेकरी हवा, आणि पहारेकऱ्याला पगार हवा. त्यामुळे असा शर्ट घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. कपाटात अकरा असताना बारावा घेत असेल, तर मात्र तो इसराफच, मग वर गेंडा असो की मगर.

जावाचा गेंडा आज एकाच ठिकाणी उरला आहे, उजुंग कुलोन या राष्ट्रीय उद्यानात. इंडोनेशिया म्हणजे जगात सर्वाधिक मुसलमानांचा देश. तिथल्या उलेमा परिषदेने 2014 मध्येच दुर्मीळ प्राण्यांची बेकायदा शिकार हराम असल्याचा फतवा दिला. 2018 मध्ये पॅरिसचे सदुसष्ट शर्ट विकले गेले. आणि 2024 मध्ये पकडलेल्या शिकाऱ्यांच्या जबानीतून उघड झाले की 2019 ते 2023 या काळात त्याच उद्यानात 26 गेंडे शिंगासाठी मारले गेले.

हेही मी वर्गात सांगितले. त्या मुलीने वहीवर 67 मांडून 26 वजा केले. मी म्हटले, "बेटा, अशी सरळ वजाबाकी होत नाही. मधल्या वर्षांत पिल्लेही जन्माला आली."

तिने विचारले, "और उन के शर्ट?"