डर्वेंटवॉटरच्या काठावर



इंग्लंडमध्ये राहणारे आपले बरेच जण उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्टला जाऊन येतात. पुढच्या वेळी केझिक या छोट्या गावात थोडं थांबा. मागे 931 मीटर उंचीचा स्किडॉ डोंगर, समोर डर्वेंटवॉटर तलाव, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या. पाऊस भरपूर, त्यामुळे हिरवा रंग डोळ्यांपुढून हटत नाही. वारा पडला की अख्खा डोंगर पाण्यात उतरतो.

भगवान बुद्धांनी संगारव ब्राह्मणाला मनाची पाच नीवरणं पाण्याच्याच उपमेने समजावली. रंग कालवलेलं, उकळतं, शेवाळलेलं, वाऱ्याने हललेलं आणि अंधारात ठेवलेलं गढूळ पाणी. अशा पाण्यात माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. शेवटचं गढूळ पाणी म्हणजे विचिकित्सा, शंका.

गेल्या उन्हाळ्यात त्या नितळ तलावाकाठी माझं मन नेमकं तसं निघालं. शेजारच्या बाकावर एक मराठी काका बसले होते. मराठी ऐकून आनंद झाला, गप्पा रंगल्या. "गाव कुठलं?" झालं. मग, "आडनाव काय म्हणालात?" मी काहीच म्हणालो नव्हतो. गावाचंच नाव पुन्हा सांगितलं आणि विषय हवामानावर नेला. या देशात हवामान नेहमी मदतीला धावतं! पण मुलगी जवळच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही उठून काठाकाठाने चालू लागलो. समोर लॅट्रिग टेकडी दिसत होती. 1887 मध्ये जमीनमालकांनी तिच्या वाटा बंद केल्या, तेव्हा सुमारे 2000 लोक एकत्र चालत माथ्यावर गेले. त्यानंतर 40 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. दोन्हींची बरोबरी होत नाही. केझिककरांची वाट अडवली होती, त्यांच्या स्पर्शाने टेकडी बाटली असं कोणी म्हटलं नाही. महाडला आपण पाणी प्यालो आणि तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं.

मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट टोचत होती. महाड नगरपालिकेने तळं 1924 सालीच खुलं केलं होतं. ठराव कागदावर होता, पण भीती तशीच होती. बाबासाहेबांनी आधी स्वतः पाणी घेतलं, मग लोकांनी ओंजळी भरल्या. मला तर इथे कोणी अडवलंही नव्हतं. ओंजळ मीच मिटली होती.

तसाच मागे फिरलो. काका अजून तिथेच होते. माझं पूर्ण नाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं. ते क्षणभर तलावाकडे बघत राहिले. मग थर्मास उघडला, कपात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. फार काही बोलणं झालं नाही. मुलगी तोवर बूट काढून पाण्यात पाय सोडून बसली होती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.