पायउतार

घोड्यावरून, पालखीतून किंवा सायकलीवरून खाली येण्याला मराठीत पायउतार होणे म्हणतात. आणि गादी सोडावी लागण्यालाही तेच म्हणतात. चढावर सायकल हाती धरून चालणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला दुसरा अर्थच अधिक बोचतो.

चारकोप हा खाडीकाठचा सपाट मुलूख. 1985 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत जो नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात येथे लहान लहान भूखंड आखले गेले आणि सेक्टर वसले. इथल्या माणसाला चढ हवा असेल तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठावे लागते. दरवाजापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा रस्ता सुमारे 6 किलोमीटरांचा. आरंभी झाडीतून सौम्य, शेवटी उभा. त्या शेवटच्या टप्प्यात, एरवी जिना चढतानाही धापा टाकणाऱ्या माणसापुढे प्रश्न येतो: उतरावे की रेटावे?

हा नीतीचा प्रश्न आहे असे म्हटल्यास कोणी हसेल. पण आधी चढाचा हिशेब पाहू. माणूस आणि सायकल मिळून 85 किलोंचे ओझे 100 मीटर उंच न्यायचे, तर त्याचे काम ठरलेले असते. बसून न्या की चालत न्या. गिअर बदलल्यानेही ते घटत नाही. पायावरचा जोर कमी होतो, पण पायडल अधिक वेळा फिरवावे लागते. फरक आहे तो फेडीच्या वेगात. फार हळू गेले की सायकल डगमगते, म्हणून ती चढाचे कर्ज मोठ्या हप्त्यांनी वसूल करते. पायी माणूस तेच लहान हप्त्यांनी फेडतो. हप्ते भरून घरे उभारणाऱ्या वस्तीत तरी लहान हप्त्याला कोणी नादारी म्हणू नये.

मग लाज कशाची? डोंगर कोणाला नावे ठेवीत नाही. निर्जन वळणावर जो निमूट उतरला असता, तोच माणूस मागून तरुणांच्या टोळीची घंटी ऐकताच दात आवळून रेटू लागतो. छातीत कळ येत असतानाही रेटतो. आणि त्या छातीवर काही त्याचा एकट्याचा हक्क नसतो. अशा माणसाला निग्रही म्हणावे काय? माझ्या मते तो हट्टी आहे, आणि हट्टसुद्धा उसना.

यावर असा आक्षेप येईल की, लोकांच्या नजरेचा धाक काढला तर पन्नाशीचा माणूस पहिल्याच चढणीला उतरेल, आणि पुढे घराबाहेरच पडणार नाही. यात तथ्य आहे. पुष्कळ चांगल्या गोष्टी आपण चार लोक पाहतात म्हणूनच करतो. कान्हेरीच्या कातळात ज्यांनी लेणी आणि पाण्याची टाकी कोरविली, त्या कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनीही आपली नावे कोरून ठेवलीच की! (वाटेत दम खायला किती ठिकाणी बसलो, हे कोरविण्याची कोणाला गरज भासली नाही.) तथापि नजरेने फार तर घराबाहेर काढावे, थांबायचे कधी, हे श्वासाला विचारावे. एक वाक्य धड बोलता येईना झाले, की उतरावे.

खरा अवघड प्रसंग त्यानंतरचा. घामाघूम गृहस्थ सायकल ढकलीत असतो आणि टोळीतला एखादा मुलगा थांबून विचारतो, "काका, मी ढकलू का थोडी?" त्यात उपहास नसतो, तरी उतरण्यापेक्षा हे अधिक लागते. उतरलो ते आपल्या मर्जीने, असे मनाला सांगता येते. इथे दुसऱ्याने आपले वय मोजलेले असते. "नको रे, जमतंय," हे उत्तर जिभेवर तयारच असते. ते खरे असेल तर जरूर द्यावे. नसेल तर हँडल त्याच्या हाती देऊन शेजारून मोकळ्या हातांनी चालावे, आणि श्वास परत आला की त्याचे नाव-गाव विचारावे.