पंखाचा कोंब

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. त्यातल्या तिसऱ्याच दिवशी गर्भाच्या दोन्ही बाजूंना बारीक फुगवटे दिसू लागतात. पुढची जोडी पंखांची, मागची पायांची. हाड नाही, स्नायू नाही, पीस तर फार पुढची गोष्ट. या कोंबातून पंख कसा घडतो हे विज्ञानाला उलट्या क्रमाने कळत गेलं. टोकाचं गुपित आधी उलगडलं, सुरुवातीचं सगळ्यात शेवटी.

१९४८ साली जॉन साँडर्स या अमेरिकी संशोधकाने कोंबाच्या टोकावरची त्वचेची जाडसर कडा काढून टाकली आणि पंख अर्धवट राहिला. कडा लवकर काढली तर खांद्याजवळचाच भाग तयार होई. उशिरा काढली तर फक्त बोटं व्हायची राहून जात. म्हणजे पंखाची आखणी खांद्याकडून बोटांकडे होत जाते आणि ती कडा वाढ चालू ठेवते. १९५७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडी होऊ घातलेल्या पेशी उचलून पंखाच्या कोंबात, त्या कडेखाली बसवल्या. तिथे पायाची बोटं उगवली! मला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. आपण पायाच्या आहोत हे त्या पेशी विसरल्या नव्हत्या. पण मांडी व्हायचं की बोट, हे नव्या जागेने ठरवलं. पेशीचं कूळ वेगळं, ठिकाण वेगळं.

ठिकाण पेशीला सांगतं कोण? १९६८ मध्ये साँडर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी कोंबाच्या मागच्या काठाचा तुकडा पुढच्या काठावर लावून दाखवला, तर पंखाला आरशातल्या प्रतिबिंबासारखी बोटांची दुहेरी रांग फुटली. पुढच्याच वर्षी लुईस वोल्पर्ट यांनी पेशीला आपली जागा कळते, ही कल्पना सिद्धान्त म्हणून मांडली. मागच्या काठातून निघणारा निरोप म्हणजे 'सॉनिक हेजहॉग' हे प्रथिन, हे कळायला १९९३ उजाडलं. माणसाच्या हातातही हेच प्रथिन काम करतं. त्याच्या नियंत्रणात बिघाड झाला की काही घराण्यांत अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येतं.

पण कोंब मुळात वर येतो कसा? तिथल्या पेशी जोमाने विभागू लागत असतील, असं कुणालाही वाटेल. १९७१ मध्ये सर्ल्स आणि जॅनर्स यांनी विभागणीचा वेग मोजला, तेव्हा वेगळंच दिसलं. कोंबाच्या जागी वेग टिकून होता. मंदावला होता तो शेजारच्या कुशीतला. १९९५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्याच कुशीत वाढीच्या प्रथिनात भिजवलेला मणी ठेवला आणि तिथेही जादा अवयव उगवला. पंखाजवळ ठेवला तर पंख, पायाजवळ ठेवला तर पाय.

वेगातल्या या फरकावर बरीच वर्षं समाधान मानलं गेलं. २०१४ मध्ये जेरोम ग्रो आणि क्लिफर्ड टॅबिन त्याहून मागे गेले. त्या जागी आधी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून एका पदरात उभ्या असतात. टीबीएक्स-५ आणि एफजीएफ-१० या जनुकांच्या प्रभावाखाली त्यांची पकड सुटते, त्या पदर सोडून आत उतरतात आणि सैल गर्दी करतात. त्या गर्दीचाच पुढे कोंब होतो. उंदराच्या गर्भातही हेच दिसलं.

फुगवटा डोळ्यांना दिसतो तेव्हा त्या पेशींनी पदर सोडलेला असतो, आणि अंडं उबेला ठेवून जेमतेम अडीच दिवस झालेले असतात.