पट्टीचा कारागीर

देवानं माणसाचे डोळे तोंडाच्या पुढच्या बाजूला का बसवले, याची कारणं शास्त्रज्ञांनी पुष्कळ दिली आहेत. परिणाम मात्र एकच झाला. मोटारसायकलची साखळी जन्मभर उपेक्षित राहिली. टाकी समोर असते म्हणून तिच्यावरून फडकं फिरतं. आरसा समोर असतो म्हणून त्यात भांग पाडला जातो. साखळी बिचारी मागं, खाली, धुळीत. घरातल्या म्हाताऱ्या आत्यासारखी. ती कुरकुरल्याशिवाय तिची आठवण होत नाही, आणि कुरकुरली की आपण तिच्यावरच डाफरतो, "आता काय झालं हिला?"

वास्तविक ही आत्या मोठ्या घराण्यातली. हान्स रेनॉल्ड नावाच्या एका स्विस गृहस्थानं १८८० साली इंग्लंडात, मँचेस्टरला, रोलर चेन तयार केली. सायकलपासून बुलेटपर्यंत सगळ्या साखळ्या त्याच कुळातल्या. आपण म्हणतो, "साखळी ताणली." साखळी ताणत नसते हो. ती झिजते. शंभरेक कड्या असतात, एकेक कडी अर्ध्या इंचाची. प्रत्येक सांध्यात पाव मिलिमीटर झीज झाली, तर कुणाच्या नजरेलाही येणार नाही. पण शंभर सांध्यांची बेरीज होते पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर, आणि साखळी बाद होते. संसाराचंही तसंच. कोण कुठल्या दिवशी बिघडलं ते सांगता येत नाही. प्रत्येक सांध्यात थोडं तेल कमी पडत गेलेलं असतं, इतकंच.

मी बीडहून रोज शाळेला मोटारसायकलनं जातो. जाऊन-येऊन पन्नाससाठ किलोमीटर, वाटेत मांजरसुंब्याचा घाट. जाणकार सांगतात, दर पाचशे किलोमीटरला साखळीला तेल द्यावं. म्हणजे दर नऊ-दहा दिवसांनी उकिडवं बसायचं, जुना टूथब्रश तेलात बुडवायचा आणि चाक हातानं फिरवत शंभर कड्यांची ओटी भरायची. माझ्या गुडघ्यांनी या व्रताचं उद्यापन करावं असं सुचवलं. तेव्हा मी चौकशी केली. स्कॉटलंडातली एक कंपनी गेली कित्येक वर्षं यासाठी यंत्रच विकते म्हणे. इंजिनाच्या ओढीनं झडप उघडते, साखळीवर थेंब थेंब तेल पडतं आणि इंजिन बंद झालं की तेलही बंद. किंमत ऐकली आणि स्कॉटिश माणसाच्या काटकसरीचे विनोद खोटे नाहीत, फक्त ती काटकसर गिऱ्हाइकाला लागू नाही, हे लक्षात आलं.

पण थेंबाथेंबानं वरून काही सोडणं ही काय स्कॉटलंडची मक्तेदारी? आमच्या जिल्ह्यात परळी वैजनाथ आहे. पिंडीवरची गळती पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. आमच्या बीडची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी मोटेशिवाय, पंपाशिवाय, नुसत्या उतारानं पाटात जातं. आणि आजोबांच्या बैलगाडीला खाली वंगणाचं नळकांडं लोंबत असायचं. ते नळकांडं कुठल्या कंपनीनं बनवलं, हे आजोबांना कुणी विचारलं नाही.

मी एक छोटी प्लॅस्टिकची बाटली घेतली आणि औषधाच्या दुकानात सलाईनची नळी मागितली. ती चाकानं थेंब कमीजास्त करायची असते ती.

"पेशंट कोण आहे?" दुकानदारानं विचारलं.

"साखळी."

"वय?"

"तीन वर्षं."

"काळजी घ्या, सर," तो म्हणाला. बहुधा त्याला ते मुलीचं नाव वाटलं. आमच्याकडं हल्ली कसलीही नावं ठेवतात.

हिशेब सोपा होता. मिनिटाला एक थेंब. शाळेला जाऊन-येऊन शंभरेक थेंब. थंडीत तेल घट्ट होतं, नळी थोडी जास्त उघडायची. मे महिन्यात आमच्याकडं माणसं पातळ होतात तिथं तेलाची काय कथा, तेव्हा आवळायची. गाडी उभी केली की नळी बंद करायची. तेलानं ती नळी काही महिन्यांत कडक होते, मग नवी घालायची. मुख्य अडचण निराळीच होती. नळीचं टोक नेमकं मागच्या दातेरी चक्राशी, साखळीच्या आतल्या अंगाला यायला हवं. कारण तेल आत पडलं तर फिरण्याच्या जोरानं ते सांध्यांतून बाहेर येतं, आणि बाहेर पडलं तर सरळ हवेत उडतं. शिवाय मागचं चाक खड्ड्यागणिक वरखाली होतं. म्हणून टोक चाकाच्या दांड्यालाच बांधलेलं हवं, म्हणजे ते चाकाबरोबर हलेल. थोडक्यात, एक पट्टी हवी होती. तीन मिलिमीटर जाड, इंचभर रुंद, काटकोनात वाकवलेली, दांड्यावरच्या झाकणाच्या आयत्या बोल्टात बसेल अशी. दांड्याला नवं भोक पाडायचं नव्हतं. ज्याच्यावर चाक तोललेलं असतं त्याला भोकं पाडू नयेत.

घराजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मिस्त्रीनं भंगारातून पट्टी काढली, करवतीनं कापली, शिकंजात धरून दोन ठोक्यांत वाकवली, भोक पाडलं आणि पुढ्यात टाकली. दहा मिनिटं लागली नाहीत. मी तिथली कानस उचलली आणि कडा घासायला लागलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मिस्त्री हातातलं काम थांबवून माझ्याकडं पाहू लागला.

"सर, कामून घासायलात एवढं? कोन बघायलंय तिथं?"

वाचकहो, हा प्रश्न साधा नाही. जगातल्या विचारवंतांनी आयुष्यं घालवली तो हाच प्रश्न. जे कुणी बघणार नाही, ते चांगलं का करावं? देव बघतो म्हणून, असं एक उत्तर आहे. पण देवाला बीडच्या एका मास्तराच्या गाडीखाली वाकून बघायला वेळ असेल, असं मला वाटत नाही. आपलं मन आपल्याला खातं म्हणून, हे दुसरं उत्तर. मनाचंही मी फारसं मनावर घेत नाही; ते दुपारच्या झोपेनंतर विसरतं.

रॉबर्ट पिरसिग या अमेरिकन लेखकाचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक १९७४ साली निघालं. त्यात त्याच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. लेखक म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून फटीत बसवू, उत्तम बसेल. मऊ असतो, गंजतही नाही. मित्राला हा आपल्या जर्मन गाडीचा अपमान वाटतो. पिरसिगचं म्हणणं असं, की पत्र्याचं काम काय ते बघा, त्याचं कूळ बघू नका. हे वाचून मला आनंद झाला, कारण माझ्या पट्टीचं कूळ भंगाराचं होतं. पण कूळ बघू नये, याचा अर्थ कडाही बघू नयेत असा कुणी केला, तर पंचाईत. आपल्याकडं तसा अर्थ काढणारे पुष्कळ. 'चालतंय की' हे आमच्या मराठवाड्याचं बोधवाक्य व्हायला हरकत नाही. चालतं ते सगळंच. कुठपर्यंत, एवढाच प्रश्न असतो.

मी मिस्त्रीला म्हणालो, "ही कड धारेची आहे. गाडी थरथरते. थरथरून थरथरून धार नळीला कापणार. मिनिटाला थेंब पडायचा तिथं धार लागणार, आणि ते तेल जाणार मागच्या टायरवर. घाटात वळणावर टायरला तेल लागलं तर काय होईल? मागं आमच्या मंडळी बसलेल्या असतात. आणि जे तेल रस्त्यावर सांडेल त्यावरून आमच्यामागनं कुणीतरी येणार. एका गाडीवर तीन पोरं घेऊन शाळेत सोडायला निघालेला बाप असेल. त्याला काय ठाऊक, पुढं कुठली पट्टी होती?"

मिस्त्री काही बोलला नाही. त्याच्या दुकानापुढं ऊसतोडीच्या टायरगाड्या उभ्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातली माणसं लाखांच्या संख्येनं बिऱ्हाडं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. त्याआधी या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तो उठला आणि एका गाडीच्या जू जोडायच्या दांड्याखाली त्यानं बोट दाखवलं. वाकून पाहिलं. वेल्डिंगचा टाका खालून होता, आणि त्यावर आणखी एक.

"ह्ये बी कोनी बघत न्हाई," तो म्हणाला. "मालकानं एकाचेच पैशे दिल्यात. पर वर ल्हान लेकरं बसत्यात ना, सर." मग माझ्या हातातली कानस घेतली. "तुमचं वाटलं हौसेचं काम हाय. माणसाचं हाय म्हनून आधी सांगायचं." आणि त्यानं त्या पट्टीच्या कडा अशा गोल केल्या, की माझं दहा मिनिटांचं घासणं मला पोरखेळ वाटलं.

कायदा याबाबतीत फार मदत करत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करू नका. १९८९ च्या नियमांत मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक तरी झाकलेलं असावं, असंही म्हटलं आहे. सरकारनं पदराची काळजी घेतली, ठीक झालं. पण कड घासलेली असावी आणि दुसरा टाका खालून मारावा, हे कुठल्या कलमात बसवणार? जिथं कलमं संपतात तिथं मिस्त्रीचा दुसरा टाका सुरू होतो.

आमच्या शेजारी निवृत्त संस्कृतचे मास्तर राहतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "हेच ते निष्काम कर्म. फळाची आशा धरली नाहीस." मी मान डोलावली, कारण ते वयानं मोठे आहेत. पण मला ते पूर्ण पटलं नाही. फळाची आशा सोडा, जरूर सोडा. फक्त ते फळ कुणाच्या डोक्यात पडणार आहे, तेवढं झाडाखाली डोकावून बघा. मिस्त्रीनं दुसऱ्या टाक्याच्या मजुरीची आशा केव्हाच सोडली होती. लेकरांवरची नजर तेवढी सोडली नव्हती.

पट्टीचा गवई असतो, पट्टीचा पोहणारा असतो. त्याला टाळ्या मिळतात. पट्टीचा कारागीर मला त्या दुकानात भेटला, आणि त्यानं मजुरी सांगितली वीस रुपये. मी तीस दिले. दहा त्यानं परत केले.

"कडा तुम्हीबी घासल्यात की," तो म्हणाला.