सोबत्यास जागा द्या

(शास्त्रभाग : मार्क ६:७-१३, प्रेषित १५:३६-४१)



भाताची मळणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या, म्हणजे आपल्या गोंदियाच्या मुलखात सुवार्तेच्या फेरीस निघण्यास सोयीचा काळ येतो. निघण्यापूर्वी बरोबर काय काय घ्यावे ह्याची आपण यादी करितो. प्रभूनेही आपल्या बारा शिष्यांस पाठविताना अशी यादी सांगितली. परंतु ती किती निराळी आहे पाहा! झोळी नको, भाकर नको, कमरेस पैसा नको. सोबती मात्र हवाच. ज्या स्वामीने भाकरीवाचून जाण्यास सांगितले, त्याने सोबत्यावाचून कोणासही जाऊ दिले नाही.

असे का बरे? एक थकला तर दुसऱ्याने त्यास सावरावे, हे कारण आहेच. दोघांच्या साक्षीने गोष्ट शाबीत होते, हेही खरे. परंतु ह्याहून खोल कारण असे की, आपला संदेशच समेटाचा आहे. देवाने मनुष्याशी समेट केला, असे सांगणारे दोघे जण जर एकमेकांशी अबोला धरून गावात शिरले, तर त्यांचे भाषण कोण ऐकेल? लोक आपले पद मागाहून ऐकतात. आपण एका पंक्तीस जेवतो की नाही, हे ते आधी पाहतात.

आता हे सोपे आहे असे कोणी समजू नये. त्या बारांमध्ये रोमी सरकारासाठी जकात गोळा केलेला मत्तय होता, आणि त्याच सरकाराचा द्वेष करणाऱ्या पक्षाच्या नावाने ओळखला जाणारा शिमोनही होता. प्रभूने दोघांसही बोलाविले. आपल्या फेरीतही असेच घडते. आधी कोणी बोलावे, गाडीत पुढे कोणी बसावे, पगारी उपदेशकाचा मान मोठा की बिनपगारी बंधूचा, बाप्तिस्म्यापूर्वी कोण कोणत्या जातीचा होता, असल्या गोष्टी मनात डोके वर काढितात. मार्काविषयी वाद होऊन पौल व बर्णबा ह्यांच्यासारखे देवाचे सेवकसुद्धा विभक्त झाले. तथापि तो वाद शेवटचा ठरला नाही. पुढे बंदिवासातून पौलाने त्याच मार्कास आपणाकडे आणावयास सांगितले. कारण तो सेवेकरिता उपयोगी आहे, असे त्याने ओळखले होते (२ तीमथ्य ४:११). ज्यास पूर्वी जागा नाकारिली, त्यास त्याने पुन्हा जागा दिली.

जागा देण्याचे फळ किती मोठे असते ह्याचे एक उदाहरण आपल्याच वाटेवरचे आहे. नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग गोंदियावरून जातो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक ह्या मार्गाने राजनांदगावास चालले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ बसलेले होते. हा आपणास अपमानाने वागवील, असे टिळकांस वाटले. परंतु त्या गृहस्थाने आदराने त्यांस बसावयास जागा दिली व मित्रासारखे भाषण केले. ते मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होते. निरोप घेताना त्यांनी नवा करार टिळकांच्या हाती दिला. टिळकांनी तो वाचला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यास जागा मिळाली, त्याने पुढे इतरांसही जागा दिली. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला व त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस एका बंधुसमाजात आणू पाहिले. पुस्तक देण्याआधी बाकावरची जागा दिली गेली होती, हे विसरू नका.

आपल्या मायबहिणी रोवणीस बांधीत उतरतात, तेव्हा एका ओळीत वाकून उभ्या राहतात. जिचा हात चपळ ती एकटीच पुढे निघून गेली, तर ओळ मोडते. म्हणून ती शेजारणीच्या वाट्याची चार रोपे लाविते, आणि ओळ सरळ राहते. शेत धन्याचे आहे, पीक धन्याचे आहे. मग माझी रोपे किती व तुझी किती, हा हिशेब कशास?

म्हणून, बंधूंनो, ह्या वेळी फेरीस निघण्यापूर्वी एक काम करा. ज्या सोबत्याविषयी तुमच्या मनात अढी आहे, त्याच्या घरी आधी जा. त्याच्याबरोबर प्रार्थना करा, त्याच्या ताटची भाकर खा, आणि मग दोघे मिळून वाटेस लागा. गावोगावी सांगावयाच्या सुवार्तेचा पहिला शब्द त्या उंबरठ्यावरच बोलला जाईल. जो प्रभू दोघांतिघांमध्ये असण्याचे वचन देतो, तो त्या वाटेवर तुमच्याबरोबर चालो. आमेन.